चिवट चुकांचा इतिहास

हिशेबाचा ताळा पाहिल्याशिवाय वही मिटू नये, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वीच्या शाळांतून गुणाकार केला की नवाचा ताळा घ्यावा लागे, आणि पेढीवरचे दिवाणजी जमेची व खर्चाची बाजू जुळल्याखेरीज दिवा मालवीत नसत. ताळा हिशेबात नवी भर काहीच घालीत नाही. हिशेब बरोबर आहे की नाही, एवढेच तो सांगतो. पण तोही सर्वज्ञ नाही. ५४ च्या ठिकाणी चुकून ४५ लिहिले गेले, तरी नवाचा ताळा जुळतोच. कारण दोहोंतील अंकांची बेरीज नऊच. ताळा चुकला तर हिशेब नक्की चुकला, परंतु ताळा जुळला म्हणून हिशेब बरोबर असेलच असे नाही. हा साधा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे. कारण ज्या इतिहासाकडे आम्ही आज वळणार आहोत, त्याचा सारा कस याच भेदात आहे.

आज कचेऱ्यांतून, बँकांतून आणि संगणककेंद्रांतून तांब्याच्या साध्या तारांवरून सेकंदाला एक हजार कोटी अंक या वेगाने संदेश धावतात. हे अंक दोनच प्रकारचे, शून्य किंवा एक. एका अंकाला बिट म्हणतात. तारेत गोंगाट असतो. शेजारच्या तारेतला प्रवाह कुजबुजतो, उष्णतेची खळबळ असते, आणि त्यामुळे मधूनच शून्याचा एक किंवा एकाचे शून्य होते. या चुका पलीकडच्या टोकाला दुरुस्त होतात, म्हणून व्यवहार चालतो. बहुतेक चुका दुरुस्त होतात हे नवल खरेच. पण आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न असा की, सगळी दुरुस्ती करूनही ज्या थोड्या चुका हटत नाहीत, त्या कोणत्या? आणि त्या का हटत नाहीत?

आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेपासून केला पाहिजे. १९४७ च्या सुमारास तेथे रिचर्ड हॅमिंग नावाचे एक गणिती रिलेवर चालणारे गणकयंत्र वापरीत असत. यंत्राचा वेळ त्यांच्या वाट्याला येई तो शनिवार-रविवारचा. त्या दिवशी यंत्राजवळ माणूस नसे. यंत्रात ताळ्याची सोय होती. चूक झाली की यंत्राला ती कळे, आणि मग ते हातचे काम सोडून पुढच्या कामाला लागे. सोमवारी येऊन पाहावे तो काम झालेलेच नाही. असे लागोपाठ दोन आठवडे झाले तेव्हा हॅमिंग यांच्या मनात वैतागून विचार आला: चूक झाली आहे एवढे जर यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे त्याला का कळू नये? जागा कळली की दुरुस्ती सोपी. शून्य असेल तर एक करावे, एक असेल तर शून्य.

या वैतागातून हॅमिंग यांची संकेतरचना निर्माण झाली, आणि ती १९५० साली प्रसिद्ध झाली. तिची युक्ती येणेप्रमाणे. संदेशाचे चार अंक घ्या, त्यांना तीन जादा अंक जोडा. एकूण जागा सात. आता तीन ताळे ठरवा. प्रत्येक ताळा सातांपैकी ठरावीक चार जागा पाहतो आणि त्यांत एकाची संख्या सम आहे की नाही, एवढेच सांगतो. तीन ताळ्यांपैकी कोणते जुळले व कोणते चुकले, याचे प्रकार आठ होतात. सात प्रकार सात जागांची नावे सांगतात, आणि आठवा प्रकार सांगतो की सर्व ठीक आहे. एकच चूक असेल तर ती हमखास सापडते. मात्र दोन चुका झाल्या की रचना फसते. एकाच ताळ्याखाली दोन चुका आल्या तर सम-विषमाचा हिशेब पुन्हा सम होतो आणि ताळा मुकाट्याने जुळतो. ५४ आणि ४५ यांच्यासारखाच हा प्रकार.

त्याच प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. प्रत्येक तारेला, मग ती कितीही गोंगाटाची असो, वहनाची एक मर्यादा असते; त्या मर्यादेच्या आत राहून संदेश पाठविला, तर योग्य संकेतरचनेने चुकांचे प्रमाण हवे तितके खाली आणता येते. हे विधान लोकांना प्रथम अद्‌भुत वाटले. परंतु अशी रचना असते, एवढेच शॅनन यांनी सिद्ध केले. ती कशी बांधावी हे सांगितले नाही. पुढची सुमारे पन्नास वर्षे ते बांधकाम करण्यात गेली.

या बांधकामात भारतीय गणित्यांचा भाग मोठा आहे, आणि त्यांतील एक नाव आपल्या भाषेचे आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ सालचा, सागर येथला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी राजचंद्र बोस यांच्याजवळ संशोधन केले. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर या त्रयीने थोर गणिती ऑयलर याने १७८२ साली केलेले लॅटिन चौरसांविषयीचे अनुमान खोटे ठरविले. त्याची वार्ता न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांचा संकेतरचनेवरचा निबंधही प्रसिद्ध झाला. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचे संचालक झाले आणि २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून, त्यांचे देहावसान झाले. खुद्द बोस यांनी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्यासह १९६० साली अनेक चुका एकदम दुरुस्त करणाऱ्या संकेतांचे एक कुटुंबच शोधून काढले. फ्रान्समध्ये हॉकेंगेम यांना ते १९५९ मध्येच स्वतंत्रपणे सापडले होते; म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यास बी.सी.एच. संकेत म्हणतात. या नावाशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

त्याच १९६० साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत रॉबर्ट गॅलेगर या तरुण संशोधकाने आपला प्रबंध सादर केला. त्याची कल्पना वेगळीच होती. संदेश लांबलचक घ्यावा, हजारो अंकांचा. ताळेही शेकडो ठेवावेत. पण प्रत्येक ताळ्याने थोड्याच जागा पाहाव्यात आणि प्रत्येक जागा थोड्याच ताळ्यांखाली यावी. मग दुरुस्ती एका फटक्यात न करता जागा आणि ताळे यांच्यात फेऱ्याफेऱ्यांनी विचारविनिमय घडवावा. प्रत्येक जागा म्हणते, "मी एक असावे असे मला वाटते, पण खात्री बेताची आहे." ताळा तिला उत्तर देतो, "माझ्याखालच्या बाकीच्या जागांचे म्हणणे खरे धरले, तर तू शून्य असायला हवेस." जागा आपल्या सर्व ताळ्यांचे म्हणणे ऐकते, तारेवरून जे ऐकू आले ते त्यात मिळविते, आणि आपले मत सुधारून पुन्हा कळविते. गावात तंटा मिटवताना पंच एकेकाचे म्हणणे पुन्हा पुन्हा ऐकून निकालाकडे येतात, तशीच ही रीत.

रीत उत्तम, पण काळ प्रतिकूल होता. त्या वेळच्या यंत्रांना इतकी बोलणी झेपण्यासारखी नव्हती. १९६२ साली निबंध निघाला, १९६३ साली पुस्तक निघाले, आणि मग ही कल्पना जवळजवळ तीस वर्षे पडून राहिली. १९८१ साली मायकेल टॅनर यांनी जागा आणि ताळे यांचे जाळे चित्ररूपाने मांडले, तरीही फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९३ साली जिनीव्हा येथील परिषदेत बेरू, ग्लाव्हिओ आणि थितिमाजशिमा यांनी फेऱ्याफेऱ्यांच्या दुरुस्तीवर आधारलेले आपले ‘टर्बो’ संकेत मांडले, आणि शॅननची मर्यादा आता हाताशी आली हे पाहून जाणकार थक्क झाले. त्यानंतर १९९६ च्या सुमारास केंब्रिजचे डेव्हिड मॅके आणि टोरांटोचे रॅडफर्ड नील यांनी गॅलेगर यांची जुनी पोथी पुन्हा उघडली. २००१ साली चौघा संशोधकांनी अशा संकेताने शॅननच्या मर्यादेपासून अवघ्या ०.००४५ डेसिबेल अंतरावर पोचता येते असे दाखवून दिले. आता या शास्त्रात करण्यासारखे उरले काय, असे कोणालाही वाटावे.

नेमक्या अशा वेळी चिवट चूक समोर आली. गोंगाट कमी कमी करीत नेला आणि उरलेल्या चुकांचे प्रमाण आलेखावर मांडले, तर रेषा प्रथम कड्यावरून पाणी पडावे तशी कोसळते. परंतु काही संकेतांत ती खाली जाऊन एकाएकी आडवी होऊ लागते. गोंगाट आणखी घटविला तरी चुका त्या मानाने घटत नाहीत. जाणकार यास चुकांचा तळ म्हणतात. २००३ साली मॅके आणि पोस्टोल यांनी मार्गुलिस या गणितज्ञाच्या रचनेवर उभारलेला, २६४० अंकांचा एक संकेत तपासला. त्यांना असे आढळले की, विशिष्ट बारा किंवा चौदा जागा एकदम चुकल्या तर शेकडो ताळ्यांपैकी अवघे चारच ताळे तक्रार करतात. बाकीचे सारे म्हणतात, ठीक आहे. त्याच वर्षी टॉम रिचर्डसन यांनी अशा जागांच्या टोळक्याला सापळा असे नाव दिले. दुरुस्तीची बोलणी या सापळ्यात शिरली की तेथेच घुटमळत राहतात. शंभर फेऱ्या केल्या तरी निकाल लागत नाही.

हा प्रश्न व्यवहारात आला तो २००६ साली. सेकंदाला एक हजार कोटी बिटे तांब्याच्या तारेवरून नेणाऱ्या इथरनेटचे मानक त्या वर्षी ठरले. तारेच्या चार पिळलेल्या जोड्या, अंतर शंभर मीटरपर्यंत, आणि अट अशी की, एक लाख कोटी बिटांत एकाहून अधिक चूक नको. ही अट कडक वाटते; पण या वेगाने एक लाख कोटी बिटे शंभर सेकंदांत जातात, हे लक्षात घेतले म्हणजे तिची निकड कळते. मानकाने गॅलेगर यांच्या जातीचाच संकेत निवडला. एका गटात २०४८ जागा; त्यांपैकी १७२३ संदेशाच्या, उरलेल्या ३२५ रक्षणाच्या. एकूण ताळे ३८४. प्रत्येक ताळा ३२ जागा पाहतो आणि प्रत्येक जागा ६ ताळ्यांखाली येते. रचनेत अशीही काळजी घेतली आहे की, कोणत्याही दोन जागा एकाहून अधिक ताळ्यांखाली एकत्र येऊ नयेत. श्रीखंडे आणि बोस ज्या चौरसांचा अभ्यास करीत, त्यांतील जुळणीचा नियम याच जातीचा.

या संकेताचा तळ पाहणे हेच मोठे कठीण काम होते. एक लाख कोटीत एक अशा चुका शंभर जमवायच्या, तर एक कोटी कोटी बिटे तपासावी लागतात. सेकंदाला दहा लाख बिटे उलगडणारा संगणक घेतला तर यास तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झेंग्या झांग, लारा डोलेचेक, बोरिवोये निकोलिच, वेंकट अनंतराम आणि मार्टिन वेनराइट यांनी उलगडा करणारे विद्युत्-मंडलच प्रत्यक्ष उभे केले, त्यास कृत्रिम गोंगाट पुरविला, आणि जी चूक हटेना ती पकडून तिची तपासणी केली.

त्यांना जे दिसले ते विचार करायला लावणारे आहे. चिवट चुकांत सर्वांत महत्त्वाचे असे टोळके आठ जागांचे होते. आठही जागा चुकलेल्या. त्यांतील प्रत्येक जागा सहा ताळ्यांखाली येते. त्या सहांपैकी पाच ताळ्यांखाली टोळक्यातलीच आणखी एकेक चुकलेली जागा असते. एका ताळ्याखाली दोन चुका आल्या म्हणजे ताळा जुळतो, हे आपण हॅमिंगच्या वेळीच पाहिले. तेव्हा पाच ताळे त्या जागेला सांगतात, "तू बरोबर आहेस," आणि फक्त सहावा सांगतो, "तू चुकली आहेस." पाच विरुद्ध एक. जागा बहुमताचे ऐकते आणि आपल्या चुकीवर ठाम होते. पुढच्या फेरीत ती ठामपणे तेच सांगते, म्हणून तिच्या जोडीदारणीही अधिक ठाम होतात. एकूण अठ्ठावीस ताळे या टोळक्याला स्पर्श करतात. त्यांतील वीस खोटेच समाधानी असतात, आणि खरे बोलणारे असतात अवघे आठ. शिवाय यंत्रात जागा व वीज वाचविण्यासाठी प्रत्येक मत चार-सहा बिटांतच लिहावे लागते. त्यामुळे खात्रीला वरची मर्यादा येते, आणि खऱ्या मताला खोट्यापेक्षा मोठ्याने बोलण्याची सोयच उरत नाही.

म्हणजे हटणारी चूक आणि न हटणारी चूक यांत फरक असा की, पहिली एकटी असते आणि दुसरीला एकमेकींची साक्ष मिळते. गॅलेगर यांची रीत एका गृहीतावर उभी होती: निरनिराळ्या ताळ्यांकडून येणारी मते परस्परांपासून स्वतंत्र आहेत. सापळ्यात हे गृहीत मोडते. आपलेच बोलणे चार ठिकाणी फिरून आपल्या कानी येते, आणि ते चार निराळ्या साक्षीदारांचे मत म्हणून मोजले जाते.

पुण्यातल्या श्रोत्यांना हा विचार परका वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच विचारावर उभी आहे. एकाच चुकलेल्या पोथीवरून दहा नकला झाल्या, तर त्या दहांचे एकमत हे दहा साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष. म्हणून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांचे सहकारी पोथ्या नुसत्या मोजीत नसत; कोणती पोथी कोणत्या परंपरेतून आली हे पाहून स्वतंत्र शाखांच्या एकमताला ते मान देत. ग्रंथसंशोधकाला जे विवेकाने करावे लागते, ते विद्युत्-मंडलाला कसे शिकवायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

त्यावर उपाय तीन प्रकारचे झाले. पहिला, संकेत बांधतानाच असली टोळकी टाळण्याचा. तो चांगला, पण मानक एकदा ठरले की संकेत बदलता येत नाही. दुसरा, बाहेरून आणखी एक संकेत गुंडाळण्याचा. उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचविणाऱ्या युरोपीय मानकाने हेच केले. आत गॅलेगर यांचा संकेत, आणि त्यातून उरलेल्या थोड्या चिवट चुका टिपण्यासाठी बाहेर बोस-रायचौधुरी-हॉकेंगेम यांचा. १९६० च्या दोन शोधांची अशी गाठ पडावी हा इतिहासाचा मोठा सुंदर योग आहे. परंतु बाहेरच्या संकेताला जादा अंक लागतात, आणि इथरनेटच्या मानकात त्यांना जागा नव्हती.

तिसरा उपाय बर्कलीच्या मंडळींचा. नेहमीच्या फेऱ्या संपूनही काही ताळे तक्रार करीतच असतील, तर यंत्राने आपली रीत थोडा वेळ बदलावी. तक्रार करणारे ताळे आठ; त्यांच्याखालच्या जागा सुमारे अडीचशे. खरे गुन्हेगार या अडीचशेतच आहेत. तेव्हा या जागांपुरता तक्रारखोर ताळ्यांचा आवाज मुद्दाम वाढवावा, आणि समाधानी ताळ्यांचा आवाज उतरवावा. असे केले की चुकलेल्या आठ जागांचे खोटे बहुमत मोडते आणि त्या उलटतात. या गडबडीत काही निर्दोष जागाही डळमळतात. पण त्यांच्यामागे खऱ्या, स्वतंत्र ताळ्यांचे पाठबळ असल्यामुळे, रीत पूर्ववत् होताच त्या आपल्या जागी परत येतात. या मंडळींनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या चिपेत ही युक्ती बसविली. मते फक्त चार बिटांत लिहूनही तळ एक कोटी कोटी बिटांत एका चुकीच्याही खाली गेला. इथरनेटच्या वेगाने हे प्रमाण सांगायचे तर पावणेतीन तासांत एक चूकदेखील नाही. युक्तीसाठी लागलेली जादा जागा आणि वीज अगदी किरकोळ होती.

कोणी म्हणेल, तारेवरच्या संदेशात चूक राहिली तर तो पुन्हा मागवावा. एवढा खटाटोप कशाला? तारेपुरते ते खरे आहे. तेथे विलंबाचाच काय तो तोटा. पण हेच संकेत आज माहिती साठविणाऱ्या तबकड्यांतही वापरले जातात. दहा वर्षांपूर्वी ठेवलेला जमिनीचा दस्त किंवा रुग्णाचे छायाचित्र वाचताना पुन्हा मागणार कोणाकडे? पाठविणारा तेथे नसतो. साठविलेल्या अक्षराला त्याच्या ताळ्यांखेरीज दुसरा वाली नाही.

या साठ वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. १९४७ साली हॅमिंग यांची तक्रार होती की, चूक झाली हे यंत्राला कळते, पण कोठे झाली हे कळत नाही. सापळ्यात अडकलेल्या यंत्राची अवस्था तीच होती. आठ ताळे ओरडत होते. चूक आहे हे यंत्राला ठाऊक होते. पण तीनशे शहात्तर समाधानी ताळ्यांपुढे त्या आठांचे म्हणणे कोणी हिशेबात घेत नव्हते. गोंगाटाशी झगडण्याचे शास्त्र शॅनन, हॅमिंग, बोस आणि गॅलेगर यांनी दिले. एकमताने टिकून राहिलेल्या चुकीशी कसे झगडावे, हा धडा मात्र पुढच्या पिढीला नव्याने शिकावा लागला. तो धडा असा की, सगळा हिशेब जुळत असताना जे थोडे ताळे जुळत नाहीत, त्यांनाच आधी जवळ बोलवावे आणि त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे.